अपूर्ण भागांची मापवही

१

दुपारी दोन वाजले की नरसिंगराव दुकानाचं शटर कमरेइतकं खाली ओढायचे. पूर्ण बंद केलं तर गिऱ्हाईक परत जातं, उघडं ठेवलं तर जेवू देत नाही, म्हणून अर्धं. कानडी मुलखातल्या शिवरामपेटेत त्यांच्या टेलरिंगच्या दुकानात पुढे मशीन आणि मागे संसार. मध्ये एक पडदा. मागे एक खोली, एक स्वयंपाकघर, बस्स. पस्तीस वर्षं त्यांचं असंच चाललं होतं.

मागच्या खोलीत सुमित्राबाई खाटेवर उशीला टेकून बसलेली असे. आठ महिन्यांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. पाय सावरले, हात बराचसा सावरला, पण वाचा गेली ती गेलीच. एरवी ही बाई कशी? समोरच्या फूलवालीशी कन्नडात भांडायची आणि श्वासही न घेता नवऱ्याला मराठीत टोमणा मारायची. आता तिच्याकडे "हां" एवढा एकच शब्द उरला होता. भूक लागली तरी हां, पाठ दुखली तरी हां. नरसिंगराव दिवसभर मशीन चालवायचे आणि मधूनच पाय थांबवून पडद्याकडे कान द्यायचे. मागून काही येत नसे.

वाचेचे व्यायाम घ्यायला हरिणी मॅडम आठवड्यातून दोनदा येत. त्यांनी सुचवलं, "काका, घरच्या भाषेतलं काहीतरी रोज ऐकवा. ठरलेल्या वेळी, एकच गोष्ट." बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या वर्षिणीनं, त्यांच्या एकुलत्या मुलीनं, त्याच रविवारी येऊन टीव्हीला एक डबा जोडला, त्यात मालिकांचं ॲप घातलं आणि साताऱ्यातल्या एका खानावळीची मराठी मालिका लावून दिली. रोज बावीस मिनिटांचा भाग. दुपारी लाइन अडखळते, म्हणून भाग आधी डाउनलोड करून ठेवायचा आणि मग सलग बघायचा. नरसिंगराव ते लगेच शिकले. जेवायला बसताना बटण दाबायचं, हात धुवेपर्यंत भाग आलेला असायचा.

महिनाभर सुरळीत चाललं. मग एका मंगळवारी पडद्यावरचा गोल अर्धा भरला आणि थांबला. खाली लाल अक्षरं उमटली: डाउनलोड अपूर्ण. आपल्या नेटवर्कने ही जोडणी रोखली आहे.

२

नरसिंगराव चिडणाऱ्यांतले नव्हते. शिवण चुकली तर कात्री घालायची नाही, एकेक टाका उसवायचा, हा त्यांचा स्वभाव. त्यांनी डबा बंद करून साठ आकडे मोजले, चालू केला. ॲप काढलं, परत घातलं. राउटर खिडकीतून उचलून टीव्हीशेजारी आणला. फोनच्या इंटरनेटवर जोडून पाहावं, तर त्या मागच्या खोलीत फोनला सिग्नलच धड नसे.

ॲपच्या मदतकेंद्रातली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आमच्याकडून सगळं ठीक आहे. तुमचा इंटरनेटवाला ब्लॉक करतोय."

इंटरनेटच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, "आम्ही कशाला ब्लॉक करू सार? आम्हाला तुमच्या मालिकेशी काय घेणं?"

"मग कोण करतंय?"

"ॲपवाल्यांना विचारा."

शेवटी त्यानं लाइनमनला पाठवतो म्हणून सांगितलं. कधी, ते सांगितलं नाही.

नरसिंगरावांनी सगळं लिहून ठेवायला सुरुवात केली. तारीख, वेळ, काय केलं, काय झालं. हाताशी एक कोरी मापवही होती, उंची-छाती-खांद्याचे रकाने छापलेली, तीच घेतली. आणि लिहिता लिहिता त्यांच्या ध्यानात आलं की बिघाडालाही एक माप आहे. मंगळवारी भाग जिथे तुटला तिथेच बुधवारीही तुटला. गुरुवारीही. डबा जेवढं आलं तेवढं दाखवी आणि अकरा मिनिटं वीस सेकंदांवर चित्र गोठे. लाइनचा वेग रोज वेगळा, ते बटण दाबायचे ती वेळ वेगळी, भागही वेगळा. तुटण्याची जागा तीच.

नेटवर्क असं इंच इंच मोजून अडवतं का, हे त्यांना माहीत नव्हतं. अडवत असेल, असं त्यांनी ठरवलं.

शुक्रवारी चित्र गोठलं तेव्हा खानावळीची मालकीण, सगळे जिला वैनी म्हणतात ती, पळी हातात धरून दाराकडे बघत होती. नरसिंगराव रिमोट घ्यायला वाकले.

"दारात माणूस आहे," सुमित्राबाई म्हणाली.

३

ते वाकलेलेच राहिले. वळून पाहिलं तर थांबेल, अशी भीती वाटली.

"कुठल्या दारात?" त्यांनी जमिनीकडे बघत विचारलं.

"खानावळीच्या. वैनी आत ये म्हणते. तो येत नाही. सुम्ने उभा आहे."

सुम्ने म्हणजे उगाच. तिचा लाडका कन्नड शब्द. त्यांनी शिवलेल्या प्रत्येक नव्या फॅशनच्या कपड्यावर ती म्हणायची, सुम्ने खर्च. आठ महिन्यांनी तो कानावर पडला आणि नरसिंगरावांनी खाटेच्या कडेवर कपाळ टेकून लहान पोरासारखं रडून घेतलं.

हरिणी मॅडमनी टाळ्याच वाजवल्या. "अडवू नका, चूक काढू नका. बोलतील ते शब्दाला शब्द लिहून ठेवा. मला प्रगती कळेल." नरसिंगरावांनी मॅडमचे आभार मानले, तसबिरीतल्या विठोबाचे मानले, आणि मनातल्या मनात त्या इंटरनेटवाल्याचेही मानले. भाग पूर्ण आला असता तर तिला बोलायची गरजच पडली नसती.

तेव्हापासून ते वही मांडीवर घेऊनच बसू लागले. चित्र गोठलं की ती पुढचं सांगे. आधी आवाज जुनं कापड टरकावल्यासारखा होता, रोज थोडा मऊ होत गेला.

"जेवायला नाही आला तो," शनिवारी ती म्हणाली. "त्याला शर्ट पाहिजे."

"खानावळीत शर्ट?"

"अय्यो, मला काय विचारता? तो सांगतो ते मी सांगते."

नरसिंगराव खळखळून हसले. "टेलरची बायको! तुला दुसरं काय सुचणार?"

"तुम्ही लिहा गप." आणि ती सांगत गेली. उंची एकोणतीस. छाती सदतीस. खांदा सतरा. बाही उजवी चोवीस. बाही डावी एकतीस.

"एकतीस?"

ती थांबली, मान किंचित कलती करून. फोनवर पलीकडच्याचं ऐकतो तशी. मग म्हणाली, "एकतीसच. दोनदा सांगितलं त्यानं."

आकडा ऐकला की टेलरचा हात आपोआप चालतो. वाक्य लिहायचं सोडून नरसिंगरावांनी प्रत्येक माप त्याच्या त्याच्या रकान्यात घातलं, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

४

त्या रात्री जेवताना वर्षिणीचा फोन आला. आईचा आवाज ऐकून ती इतकी रडली की अर्धं बोलणं कळलंच नाही. मग नरसिंगरावांनी तिला त्या माणसाची गंमत सांगितली.

"कुठला माणूस, आप्पा? मीपण बघते ती मालिका, डबा खाताना. शुक्रवारच्या भागात वैनी दाराकडे बघते आणि मांजर आत येतं. दूध पितं. एवढंच."

"आणि आज?"

"आज भाजीवाल्याशी भांडण. माणूसबिणूस कोणी नाही."

नरसिंगरावांनी यावर शांतपणे विचार केला. आजारी मेंदू रिकामी जागा आपलं आपण भरून काढतो, हे हरिणी मॅडमनीच एकदा सांगितलं होतं. बाईनं पस्तीस वर्षं पडद्यामागून मापं ऐकली, ती आता बाहेर येत होती. सगळं जुळत होतं. डावी बाही तेवढी जुळत नव्हती, पण तेवढं चालायचंच.

सोमवारी मात्र त्यांनी एक गोष्ट लक्ष देऊन ऐकली. सुमित्राबाई बोलता बोलता थांबे, मान कलती करी, तेव्हा खोलीत एक बारीक आवाज येई. खडू कापडावरून ओढावा तसा. सरळ रेघ, मग वळण, मग परत सरळ रेघ. चित्र गोठलेलं, वैनी पोळी लाटता लाटता थांबलेली, आणि आवाज टीव्हीतून आल्यासारखा.

त्यांनी रिमोटनं आवाज शून्यावर नेला. खरखर तेवढीच राहिली.

पुढे दुकानात जाऊन पाहिलं. मशीन बंद होतं. कापड बेतायच्या टेबलावर खडूचे तीन तुकडे होते तसेच पडले होते. अर्ध्या शटरखालून रस्त्यावरचे पाय जाताना दिसत होते, फूलवाली कोणाशी तरी भाव करत होती. ते परत आले तर सुमित्राबाई त्यांच्याकडे बघून हसत होती.

"जेवलात का नीट?" तिनं विचारलं. "आज आमटीत मीठ नव्हतं."

हे मालिकेतलं नव्हतं, तिचं स्वतःचं होतं. नरसिंगराव खडूचा आवाज विसरून गेले.

५

मंगळवारी सकाळी लाइनमन उगवला. सत्यनारायण, पन्नाशीचा, कानावर पेन्सिल आणि तोंडात पान. तो कन्नडच बोलायचा आणि नरसिंगरावांना दोन्ही भाषा सारख्याच. त्यानं राउटर तपासला, लॅपटॉप लावून पाहिला आणि मग शिडी घेऊन बाहेर शटरवरच्या भिंतीला लागला. तिथे वायरचा जोड होता.

"सार! हे तुम्ही बांधलं काय?"

"काय?"

"जोडाला टेप लावतात. इथे कोणी दोरा गुंडाळलाय. गुंडाळला कसला, शिवलाय. टाके बघा!"

नरसिंगरावांनी खालून पाहिलं. चाळीस नंबरचा काळा दोरा, एकसारखे टाके, गाठ दिसू न देता लपवलेली. चांगल्या हाताचं काम होतं. त्यांच्या हाताचं नव्हतं.

सत्यनारायणनं तो कात्रीनं उसवून पिशवीत टाकला, नवा जोड घातला. त्या दुपारी गोल पूर्ण भरला. बावीस मिनिटं. अकरा मिनिटं वीस सेकंद आले आणि निघून गेले, वैनीनं जेवण वाढलं, लोक जेवले, भाग संपला. नरसिंगराव बायकोकडे वळले.

"हां," ती म्हणाली.

बुधवारी हां. गुरुवारी हां. हरिणी मॅडमनी दोन तास घातले, चित्रं दाखवली, हात धरला. शुक्रवारी तर हांही आलं नाही. तिचे ओठ हलत होते. शब्द आत कुठेतरी आहे आणि दार लागलंय, अशा नजरेनं ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग डोळ्यांतून पाणी गळू लागलं. आठ महिन्यांत ती पहिल्यांदा रडली होती.

नरसिंगरावांनी फोन केला. "सत्यनारायण, तो ब्लॉक परत घाला."

"एन सार? काय म्हणालात?"

"पहिल्यासारखं करून द्या. अर्धाच भाग येऊ दे."

"सार, मी पंचवीस वर्षं या लाइनीत आहे. लोक आई-बापावरून शिव्या देतात नेट चालत नाही म्हणून. तुम्ही चालतंय म्हणून तक्रार करताय?"

"तुम्हाला पँट शिवून देतो. दोन."

"पँटचं राहू द्या सार. मी वरच्या ऑफिसात विचारलं होतं. तुमच्या लाइनीवर ब्लॉक कधी नव्हताच. आता नसलेली गोष्ट परत कशी घालू?"

"तो दोरा आहे का तुमच्याकडे?"

"आहे," सत्यनारायण म्हणाला. "पिशवीतून टाकायचा म्हणतो रोज, आणि राहतो."

तो येऊन शिडी चढला, पण टाके त्याला जमेनात. शेवटी नरसिंगराव स्वतः वर चढले. दोऱ्याला जुन्या टाक्यांची वळणं पडलेली होती. बोटांनी फक्त मागोमाग जायचं होतं.

६

शनिवारी गोल अर्ध्यावर थांबला आणि लाल अक्षरं आली. शुभकार्याचा निरोप वाचावा तशी नरसिंगरावांनी ती दोनदा वाचली.

"किती दिवस लावलेत," सुमित्राबाई म्हणाली. "तो उभा राहून राहून दमला."

"बोल. बोल तू."

"त्याला माप पुरं करायचं आहे."

नरसिंगरावांनी वही उघडली. पानावरचा एक रकाना रिकामा होता आणि रिकामा रकाना त्यांना कधी सहन होत नसे. त्यांनीच विचारलं, "गळा किती?"

तिनं मान कलती केली. खडू चालला, थांबला.

"गळा नको म्हणतो. वरून शिवून टाका."

'गळा: बंद,' असं त्यांनी लिहिलं. आणि पूर्ण भरलेलं पान डोळ्यांपुढे आलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यांच्या घराण्यात एक शिस्त होती. तोंडी मापं कितीही ऐका, त्या गप्पा. वहीत उतरवलं की काम घेतलं. मग सण असो की सुतक, ते शिवून द्यायचं. बापानं त्यांना मशीनवर बसवण्याआधी हे शिकवलं होतं, आणि पस्तीस वर्षांत त्यांनी एकदाही उतरवलेलं माप परत केलं नव्हतं. समोर त्यांचंच अक्षर होतं. तारीखसुद्धा घातली होती.

"कधी देणार, विचारतो," सुमित्राबाई म्हणाली.

नाही म्हणता आलं असतं. पान फाडता आलं असतं. त्यांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ उघडे होते, बोलून बोलून ओले झालेले, आणि डावीकडे आजाराची वाकडी रेघ होती ती जवळजवळ सरळ झाली होती.

"गुरुवारी," ते म्हणाले.

७

पांढरं सुती कापड घेतलं, दुकानातलं सगळ्यात चांगलं. डावी बाही उजवीपेक्षा सात इंच लांब कापली, तिला मनगटाशी साधी पट्टी घातली. गळ्याच्या जागी दोन्ही तुकडे जुळवून वरून आडवी शिवण घातली, दुहेरी, आतून अस्तर लावून, टोचू नये म्हणून. कोणाला टोचू नये, हा विचार त्यांनी पुढे नेला नाही. मागून सुमित्राबाईचं बोलणं चालू होतं. फूलवालीनं मोगरा महाग केला, वर्षिणीनं केस कापायला नको होते, तुम्ही दिवा लावून शिवा, डोळे जातील. ते शिवत होते आणि ऐकत होते. असं सुख त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षातही अनुभवलं नव्हतं.

गुरुवारी दोन वाजता त्यांनी शटर अर्धं ओढलं, शर्ट कागदात बांधून टेबलावर ठेवला आणि मागे जाऊन टीव्ही लावला. अकरा मिनिटं वीस सेकंदांवर वैनी दाराकडे बघून थांबली.

"आला," सुमित्राबाई म्हणाली.

पुढच्या बाजूनं कागद उलगडल्याचा आवाज आला. नरसिंगराव उठले. पडद्यापर्यंत आठ पावलं होती. तेवढ्यात रस्त्यावरचे आवाज एकामागोमाग बंद होत गेले, स्कूटर, रिक्षा, फूलवाली. त्यांनी पडदा बोटभर सरकवला.

शटरखाली कोणाचे पाय नव्हते. टेबलापाशी उजेडाकडे पाठ करून शर्ट उभा होता, अंगात घातलेला. डावी बाही लांब खाली आली होती, मग वर वळली, आणि खालच्या बटणापासून एकेक बटण लागत गेलं. वरच्या बंद शिवणीचं कापड आत ओढलं जात होतं आणि बाहेर येत होतं. हळू. झोपलेल्या माणसाच्या नाकावर चादर असावी तसं.

टेलरची नजर आधी खांद्यावर जाते. खांदा बरोबर बसला होता, एक चुणी नव्हती.

"बसला ना नीट?" नरसिंगराव म्हणाले. का म्हणाले, त्यांना कळलं नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते हेच विचारायचे.

वरची शिवण त्यांच्या दिशेनं वळली आणि किंचित खाली झाली. त्यांनी हात जोडले. खरोखर मनापासून जोडले. डोळे मिटून उघडेपर्यंत फूलवाली ओरडत होती आणि टेबलावर नुसता कागद होता, घडी घातलेला.

८

शुक्रवारी भाग पूर्ण आला. शटरवरच्या जोडाला त्यांनी हात लावला नव्हता, तरी आला. सुमित्राबाईनं तो बोलत बोलतच पाहिला. ही वैनी फार सोसते, हिच्या जागी मी असते तर पळी घातली असती डोक्यात. नरसिंगराव शेजारी बसून शेंगा सोलत होते. तिचा आवाज आता आठ महिन्यांपूर्वीचाच होता, उलट थोडा सुधारलेलाच.

"अहो, काल सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "तुम्ही पुढे उठून गेलात ना, तेव्हा तो मला म्हणाला, शिवणाऱ्याचं माप दे."

शेंग त्यांच्या बोटांत राहिली. "मग?"

"दिलं की. तुमचं माप मला पाठ आहे. उंची अठ्ठावीस, छाती एकोणचाळीस, खांदा साडेसतरा, बाही तेवीस, दोन्ही. न देऊन कसं चालेल? एवढं केलं त्यानं आपल्यासाठी."

"लिहून घेतलं का त्यानं?"

"हो. खडूनं. तुम्हाला आवाज नाही आला?"

नरसिंगरावांनी शेंग ताटात ठेवली. शर्टाचं वरचं बटण त्यांना अचानक घट्ट वाटलं आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं.

"गळा किती सांगितलास?"

"गळ्याचं त्यानं विचारलंच नाही," सुमित्राबाई म्हणाली, आणि मग त्यांच्या तोंडाकडे बघून विचारलं, "का हो? मी बोलते ते आवडत नाही का आता?"

त्यांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला, तिचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून, आणि तिचा हात हातात घेतला.

"आवडतं," ते म्हणाले. "बोल. थांबू नकोस."